यंदा मखर कोण करणार?

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती थोडी वाकवून बघत. पुठ्ठा असो, पट्टी असो, चमचा असो. कान जवळ नेत, अंगठ्याने हलका दाब देत आणि म्हणत, "कुठे मोडतंय ते बघू." एकदा माझं ग्रंथालयातल्या नोकरीचं ओळखपत्र त्यांच्या हाती लागलं. मोडलं नाही, पण तेव्हापासून त्याला थोडी कमान आली आहे आणि आमच्या दारावरचं यंत्र मला दुसऱ्या खेपेला ओळखतं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं काम कुठे संपतं आणि स्वभाव कुठे सुरू होतो ते कळत नाही. हे गृहस्थ इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेतल्या एका कारखान्यात होते. तिथे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या बारीक जाळ्या बनतात. नव्या जाळ्या यंत्रात घालायच्या, मोडेपर्यंत वाकवत राहायचं आणि मोडल्या की कुठे मोडल्या ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. "बाकीचे बनवतात, मी मोडतो," असं ते नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देताना सांगत.

आमच्या इथल्या मराठी मंडळात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. ते मखरकाका. माझ्याहून दहाच वर्षांनी मोठे, पण मंडळात एकदा काका झालेला माणूस सगळ्यांचाच काका होतो.

आमचा गणपती दीड दिवसाचा. तो दीड दिवसही शनिवार-रविवारी येतो, कारण हर्लिंग या इथल्या खेळाच्या मैदानामागचा हॉल ज्या तारखेला मिळेल ती आमची चतुर्थी. मूर्ती फायबरची. रविवारी दुपारी हॉलच्या कार पार्कमध्ये प्लास्टिकच्या टबात तिचं विसर्जन होतं. तीन वेळा बुडवायची, टॉवेलने पुसायची आणि पुन्हा खोक्यात घालून अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये ठेवायची. रडणारे लोक तरीही रडतात.

मखर मात्र दर वर्षी नवं. वॉशिंग मशीनची, सोफ्यांची खोकी जमवून काका ते करत. डिंक नाही, खिळा नाही, चिकटपट्टी नाही. एका पुठ्ठ्याला खाच पाडायची, दुसऱ्याला पाडायची, आणि खाचेत खाच बसवायची. एका वर्षी तपकिरी शिडांची होडी झाली होती. एका वर्षी त्यांनी इथल्या शेतांच्या कडेला असते तशी दगडी भिंत केली. प्रत्येक दगड सुटा, पुठ्ठ्याचा. अध्यक्ष म्हणाले, "बाप्पा शेतात उभे आहेत असं वाटतं." काका म्हणाले, "मेंढ्याही करणार होतो. पुठ्ठा संपला."

विसर्जन झालं की ते एकटेच मखर उतरवत. दहा मिनिटांत सगळं सपाट होऊन गाडीच्या मागच्या सीटवर. कोणीतरी दर वर्षी हळहळून म्हणे, "ठेवू या ना काका, किती सुंदर झालंय."

"ठेवलं तर पुढच्या वर्षी मी काय करू?" असं म्हणून ते रिसायकलिंग सेंटरला जात.

तिथेच त्यांना ती आयरिश बाई भेटली. साठीच्या आसपासची, सुतारकाम करणारी. ती टाकाऊ लाकडाच्या कंटेनरमधून फळ्या ओढून काढत होती आणि काका शेजारच्या कंटेनरमधून खोकी. तिथून काही बाहेर काढायला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या माणसाने दोघांना एकदमच झापलं. अशी ओळख टिकते. पुढे बाईंनी त्यांच्या खाचा पाहिल्या, एक खाच बोटाने चाचपली आणि विचारलं, "हे लाकडात होईल?"

बाई आणि त्यांचे मित्र एक लाकडी घुमट बांधत होते, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराचा, दुमजली घराएवढा. अमेरिकेतल्या एका वाळवंटात दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मोठा कलामहोत्सव भरतो. आठवडाभरासाठी एक अख्खं गाव उभं राहतं, लोक अचाट वस्तू बांधतात, त्यांतल्या काही शेवटी जाळतात आणि जागा होती तशी करून निघून जातात. जाळल्यानंतर वाळूतला एकेक खिळा हाताने वेचावा लागतो. बाईंना बिनखिळ्याचा घुमट हवा होता. वर्षभर काका रविवारी त्यांच्या शेडमध्ये जाऊन खाचा पाडत राहिले. शेवटी बाईंनी सांगितलं, "या तुझ्या खाचा आहेत. बसवायला तूच चल."

जूनमध्ये मंडळाची पहिली बैठक असते. मी सचिव, म्हणजे लोक बोलतात आणि मी लिहितो. मखराचा विषय निघाला तसं काका म्हणाले, "यंदा मी करणार नाही. मी वाळवंटात चाललोय."

मग अध्यक्षांनी विचारलं, "दुबईला?"

"अमेरिकेत." आणि त्यांनी सगळं सांगितलं. महोत्सवाचा आठवडा आणि आमच्या हॉलची तारीख एकच होती.

नंतर जी मतं पडली ती वहीच्या तीन पानांवर आहेत. अद्वैत नावाचा आमचा तरुण सॉफ्टवेअरवाला खुर्चीतून पुढे सरकला. "काका, सीरियसली? ते एकदम लाइफ-चेंजिंग असतं."

"कोणाचं बदललं?"

"माझा मॅनेजर जाऊन आला ना."

"मग आता कसा आहे?"

अद्वैतने जरा आठवून पाहिलं. "तसाच आहे. पण आता मीटिंगच्या आधी सगळ्यांना डोळे मिटायला लावतो."

डॉक्टरबाई इथल्या हॉस्पिटलात आहेत. त्या म्हणाल्या, "तिथली धूळ खारी असते. पायांना भेगा पडतात, व्हिनेगरने धुवावे लागतात. आणि तुम्हाला बीपी आहे, काका."

"ते इथेही आहेच."

अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले, "तिथे लोक उघडे फिरतात असं ऐकलंय."

"साल्टहिलला नोव्हेंबरात लोक समुद्रात उतरतात ते बघितलंत का? त्यापेक्षा वाळवंटात उघडं फिरणं शहाणपणाचं."

मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "तिथे पैसे चालत नाहीत म्हणे, सगळं एकमेकांना द्यायचं. फक्त तिथवर पोचायला आणि आत शिरायला पैसे चालतात. काही लोक स्वतःच्या विमानाने येऊन आठवडाभर साधेपणाने राहतात."

काकांनी माझं वाक्य हातात घेतल्यासारखं केलं. "हे कुठे मोडत नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

"तरी जाणार?"

"मी विचार ऐकायला कुठे चाललोय? खाचा बसवायला चाललोय."

अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवलं. ते एका मोठ्या कंपनीत टीम सांभाळतात, त्यामुळे पेन ठेवल्यावर लोक ऐकतात हे त्यांना ठाऊक आहे. "प्रश्न वाळवंटाचा नाही," ते म्हणाले. "आपला माणूस बाप्पाला सोडून कुठे तरी लाकडं जाळायला जातो, यातून पुढच्या पिढीने काय घ्यायचं?"

पुढची पिढी कोपऱ्यात फोन बघत बसली होती. ती अध्यक्षांचीच मुलगी. मान वर न करता ती म्हणाली, "डॅड, इट्स ग्रँड. लेट हिम गो." इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक.

मी वहीत लिहिलं, "मखरासाठी पर्यायी व्यवस्था करावी, असे सर्वानुमते ठरले." त्या सर्वांत मीही होतो. कोणी मला वेगळं विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही.

काका निघायच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. ते दुकानात गेले होते. काकू बॅगेत व्हिनेगरच्या बाटल्या ठेवत होत्या.

"दहा फोन आले मला," काकू म्हणाल्या. "त्यांना समजवा म्हणून. यांना कोणीतरी बोलावलंय आणि हे खुशीत निघालेत असं मी बत्तीस वर्षांत दोनदा बघितलं. एकदा मुलीच्या शाळेतला झोपाळा निखळला तेव्हा. आणि आता हे. समजवायचं काय त्यात?"

"तुम्ही नाही जात?"

"मला धुळीचं काय कौतुक? मी चंद्रपूरची."

त्या वर्षी अध्यक्षांनी इंग्लंडहून मखर मागवलं. सोनेरी खांब, घडीची कमान, मागे रंग बदलणारे दिवे. अर्ध्या तासात उभं राहिलं. सगळ्यांनी त्याच्यापुढे फोटो काढले. विसर्जनानंतर ते चार पिशव्यांत गेलं आणि मूर्तीच्या खोक्याशेजारी गॅरेजमध्ये जाऊन बसलं. टॉवेल वाळत घालताना माझ्या लक्षात आलं की आमच्या उत्सवात आजवर खरोखर विसर्जन व्हायचं ते एका मखराचंच. आता तेही होत नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सचिवाची मतं इतिवृत्तात येत नाहीत.

काका परत आले तेव्हा चेहरा काळवंडला होता आणि पायांना भेगा होत्या. डॉक्टरबाईंना त्याचा आनंद लपवता आला नाही. अद्वैतने एका जेवणाच्या वेळी त्यांना गाठलं. "काका, जळताना कसं वाटतं?"

"लोक फार ओरडतात. धूळही फार."

"एवढंच?"

"दुसरा दिवस चांगला असतो." मग ते जरा मोकळे झाले. "सगळे एका ओळीत उभे राहतात, हाताच्या अंतरावर. खाली मान घालून चालायचं. काडी, चिंधी, टिकली, दिसेल ते उचलायचं. आमच्या घुमटाची राख गार झाल्यावर चाळली. एक खिळा निघाला नाही. शेजारच्यांचे दोन बादल्या निघाले. ते येऊन आमची चाळण बघून गेले."

हे त्यांचं संपूर्ण प्रवासवर्णन. अद्वैत थोडा नाराज झाला. त्याला आयुष्य बदलल्याची बातमी हवी होती.

पुढच्या जूनमध्ये काका बैठकीला आले ते काखेत कागदांची गुंडाळी घेऊन. नव्या मखराची चित्रं असणार. ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि विषय यायची वाट बघत बसले. विषय आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मखराची कायमची सोय झालेलीच आहे, तेव्हा पुढे जाऊ." सगळे पुढे गेले. मला गुंडाळी दिसत होती. अध्यक्षांना दिसली नसावी, असं मी आजही म्हणू शकतो.

चहाच्या वेळी काकांनी, अध्यक्षांनी गॅरेजमधून दाखवायला आणलेल्या पिशवीतून सोनेरी खांबाचं टोक बाहेर काढलं. या खेपेला वाकवलं नाही. नुसतं हात फिरवून पाहिलं.

"टिकेल," ते म्हणाले, आणि गुंडाळी घेऊन घरी गेले. त्यानंतरच्या दोन बैठकांना ते आले नाहीत. त्यांची खुर्ची कोणी उचलूनही ठेवली नाही. लोक तिच्यावर कोट ठेवायला लागले.

काकांचं येणं थांबलं हे अध्यक्षांना कळायला जुलै उजाडला. माणूस वाईट नाही. त्यांना अपराधी वाटलं आणि अपराधी वाटलं की ते समारंभ करतात. ठरलं असं की गणपतीत काकांचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. "मराठी कला जागतिक मंचावर नेल्याबद्दल," असे शब्दही अध्यक्षांनी सुचवले. आमंत्रण द्यायला सचिव जाणार होता.

काकू म्हणाल्या, शेडमध्ये आहेत. शेड गावाबाहेर आहे. मी गेलो तेव्हा काका आणि त्या सुतार बाई शेडसमोरच्या अंगणात एक लांबलचक वळणदार फळी धडपडत पेलत होते. या वर्षीचं काही तरी. तिसऱ्या माणसाची गरज लांबूनही कळत होती.

"बरं झालं आलास," काका म्हणाले. "ते टोक धर."

मी धरलं. आयुष्यात मी पुस्तकाहून जड फारसं काही धरलेलं नाही. तसाच उभा राहून मी निरोप सांगितला. "मंडळाने तुमचा सत्कार ठरवलाय."

"कशाबद्दल?"

"वाळवंटात गेल्याबद्दल."

ते फळीच्या खाचेतला भुसा फुंकून काढत होते. फुंकर मध्येच थांबली. "गेलो म्हणूनच तर मखर गेलं ना?"

"हो."

"मग सत्कार मखर गेल्याचा का?"

मला यावर काही लिहून ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही हात फळीला होते.

"मानपत्र कोण लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"चांगलं लिहिशील तू. जरा वर घे. अजून."

मी वर घेतलं. त्यांनी खाचेत खाच धरली आणि तळहाताने एक ठोका दिला. फळी बसली. बाईंनी पलीकडून "ग्रँड" असं म्हटलं. काका गुडघ्यांवर बसून सांधा खालून बघू लागले.

"त्यांना काय सांगू?" मी विचारलं.

"हलू नकोस," काका म्हणाले.

पाऊस सुरू झाला. बाईंनी हूड वर घेतलं. काका फळीच्या आडोशालाच होते. सोड, असं दोघांपैकी कोणी म्हणालं नाही, आणि मीही सोडलं नाही.