तिसऱ्या ओळीतला श्वास

अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. नवरा चंदीगडला सेक्टर ३० मधल्या लॅबमध्ये, मी इथल्याच शाळेत फिजिक्स शिकवते... घरात असा विषय निघालाच तर हसण्यावारी जायचा. तरी लिहितेय, कारण वर्षभर हे पोटात ठेवून बसलेय.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. इथल्या चर्चमध्ये मराठी बोलणारी चार घरं. गुड फ्रायडेला एक मराठी गीत व्हायचं, आणि ते म्हणायचा मान सहा वर्षं माझा होता. तिसऱ्या ओळीत माझा श्वास मध्येच तुटायचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग लीना आली. सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलमध्ये नर्स, आमच्याच वसईकडची. गळा असा, की फादरनी पहिल्याच वर्षी गीत तिला दिलं. मला म्हणाले, "आप साथ में गाइए ना." मी जळले. सरळच सांगते, जळले.

उपवासकाळाच्या सुरुवातीला आमच्याकडे बायका चिठ्ठ्या काढतात. जिचं नाव येईल तिच्यासाठी चाळीस दिवस गुपचूप प्रार्थना करायची, आणि ईस्टरला तिला सांगायचं. माझ्या हातात आली लीना. कुणाचं लक्ष नाही बघून चिठ्ठी परत टाकली, डबा हलवला, दुसरी उचलली... पुन्हा लीनाच. योगायोग म्हणून सोडून दिलं.

प्रार्थना केली नाही. मटण सोडलं, चहा सोडला, तिच्यावरचा राग तेवढा सुटेना. पाचव्या शुक्रवारी दुपारी कणीक मळता मळता ओठांवर आलंच — देवा, तिचा आवाज बसू दे. घड्याळात सव्वादोन. नवरा जेवायला घरी आला होता. हॉलमधून म्हणाला, "किती महिन्यांनी गायलीस गं. थांबलीस का?"

मी गात नव्हते. शेजारचा टीव्ही असेल, म्हटलं.

गुड फ्रायडेला लीना गायली. मी मागे नुसते ओठ हलवत उभी होते.

ईस्टरला चर्चच्या आवारात तिला चिठ्ठी दाखवली. ती हसली. "माहीत होतं मला, ताई." मग म्हणाली, तिच्या गळ्यात गाठ आली होती. कुणाला बोलली नव्हती. आता आपला आवाज जाणार, या धास्तीने त्याच पाचव्या शुक्रवारी रिपोर्टसाठी हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती.

"सव्वादोनला तुम्ही गायलात. आपलंच गीत. मी उठून सगळा कॉरिडॉर बघितला, तुम्ही कुठेच नाही. तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, आवाजाला काही होणार नाही."

"दुसरं कुणी असेल गं."

"तिसऱ्या ओळीत मध्येच श्वास घेणारं चंदीगडमध्ये दुसरं कोण आहे?" म्हणत तिने मला मिठी मारली.

मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही. नवऱ्याला पुन्हा विचारलं, तर म्हणतो, ऐकलं ते ऐकलं. कणकेचे हात घेऊन ओट्याशी उभी होते ती मी. मग गायली ती कोण... कळत नाही.

या वर्षीही गीत लीनाच म्हणणार. तिचा हेवा आता तितका वाटत नाही. वाटतो तो त्या दुसरीचा — जी माझ्या आवाजात, माझीच चूक करत, लीनासाठी मनापासून गायली तिचा. लीना मिठी मारते ती तिलाच.