पांढऱ्या कमानीखालचा माणूस

अनुसयाबाई तांड्यावरून आमच्या डोंगरकडा गावात जळण विकायला येते. तिचा नवरा लालसिंग पैनगंगेपलीकडे बैल विकायला गेला, तो परतलाच नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर निरोप नाही. होळीपर्यंत आला नाही तर तिनं धाकट्या दिराच्या, हिरासिंगच्या घरी नांदायचं, असं तांड्याच्या नायकानं ठरवलं.

पौषात एका सकाळी मोळी टाकून ती म्हणाली, "मास्तरीणबाई, मालक दिसले मला. टेकडीखाली धुक्यात उभे हायत. वर पांढरं इंद्रधनुष्य, डोक्याभवती रंगाचं कडं. म्या हात केला की ते बी करतात."

"मग जवळ का नाही गेलीस?"

"गेले की. ते मागं सरून राहिले. तुमी या, डोळ्यानं बघा, आन् नायकाला सांगा. तुमचं ऐकंल त्यो."

घरी यांना विचारलं. हे म्हणाले, "सूर्य पाठीशी असला की समोरच्या थेंबांतून उजेड फिरून येतो. पावसाचे टपोरे थेंब रंग सुटे करतात. कधी वर दुसरं फिकं धनुष्य उमटतं, त्यात तांबडा आत न् जांभळा बाहेर. धुक्याचे कण पिठासारखे बारीक, त्यांत रंग एकमेकांत मिसळतात. म्हणून कमान पांढरी."

"आणि माणूस?"

"पाठीशी सूर्य असल्यावर समोर काय पडणार?" म्हणत हे टोपी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून तिच्यासोबत टेकडीवर गेले. मागे सूर्य वर आला. खालच्या धुक्यात भस्माच्या पट्ट्यासारखी कमान उभी राहिली. तिच्यात दोन लांबलचक माणसं. माझ्या समोरच्याच्या डोक्याभोवती रंगाचं कडं होतं. तिच्या समोरचं डोकं मला मोकळं दिसलं. म्हणजे कडं ज्याचं त्यालाच दिसतं.

तिनं हात वर केला. "दिसले ना?"

हो म्हटलं असतं तर होळीची मुदत टळली असती. देवापुढे रोज बसणारीला ते बोलवेना. मी नुसता माझा हात वर केला.

ती बघत राहिली. "ह्ये दुसरं कोन? तुमचे मालक तर घरी हायत."

"घरीच आहेत."

तिनं हात खाली घेतला. पुन्हा झटकन वर केला, समोरच्याला मागे पडताना पकडावं तसा. तो मागे पडला नाही.

"मंग इतके दिस म्या कोनाशी बोलून राहिले?"

ऊन चढलं, धुकं विरलं, कमानही गेली.

दंडावरचा सौभाग्याचा चुडा तिनं आमच्या मागच्या ओसरीत उतरवला; तांड्यातल्या बायकांपुढे नको म्हणाली. घट्ट बसला होता. सवाष्णीनं असल्या कामाला हात लावू नये म्हणतात, पण गोडेतेल लावून मीच तो काढला. मालक आता येणार नाहीत, हे नायकाला तिनं स्वतःच सांगितलं.

होळीनंतर ती हिरासिंगच्या घरी गेली. माणूस भला आहे. धुकं असलं की ती आता सूर्याकडे तोंड ठेवूनच चालते, मग वाट वाकडी का पडेना. "काहून आडवाटेनं येऊन राहिली?" म्हणून तो चिडवतो. ती हसते, पण मान वळवून मागे बघत नाही.