वाघ नाही, प्रॅक्टिस आहे!

विषय : दिवाळीनंतर सातपुड्याच्या डोंगरात पन्नास किलोमीटरच्या स्पर्धेत धावण्यासाठी शेजारच्या कल्पनाला रजा मिळणेबाबत.
संदर्भ : सौंसर व पंचक्रोशीतील समस्त शहाणी मंडळी.

उपरोक्त विषयी निवेदन असे, की नोकरीत एक कागद निकाली काढला की दोन नवे टेबलावर येत. कल्पना धावायला लागल्यापासून किश्शांचेही तसेच झाले आहे. ती सरकारी दवाखान्यात नर्स, मी रिटायर्ड बाबू. ती ड्यूटीआधी धावते, मी स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे जाऊन थांबतो. मागच्या वर्षी तिची रजा मंजूर झाली, पण स्पर्धा होऊन गेल्यावर! त्यामुळे यंदा पाऊस उघडल्यापासून तिला दुसरे काही सुचत नाही, आणि ती मलाही सुचू देत नाही.

*

मोहगावच्या रस्त्यावर कोणी कोणाला धावू देत नाही. प्रत्येक मोटरसायकलवाला ब्रेक मारतो.

"काऊन पळून राहिली वो ताई? बस सुटली काय? बसा, सोडून देतो!"

"नाही दादा, मी धावून राहिली."

"तेच तं म्हणतो! गाडी असताना काऊन धावून राहिली?"

एकाला हा नकार इतका लागला, की संध्याकाळी तो घरी येऊन तिच्या आईला विचारू लागला, "मावशी, माह्याकडून काही चुकलं काय?" दुसऱ्या दिवशी त्याच्या समाधानासाठी ती चौकापर्यंत गाडीवर बसून गेली आणि उतरून तेवढेच मागे धावत आली.

*

पुढे पायवाट देविदासभाऊंच्या संत्र्याच्या बागेतून जाते. फळाला रंग चढला की तिथून कोरड्या तोंडाने जाणे म्हणजे मालकाचा अपमान.

"भाऊ, पोट भरल्यावर धावता येत नाही."

"मंग बस ना बाई! तुले धाव म्हणते कोण?"

*

बोरगावकडच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. टेकडीवरून कल्पना सुसाट खाली येताना दिसली. आपल्याकडे बाई अशी धावते ती एकाच कारणाने. एकीने "वाघ!" म्हटले आणि कमरेच्या ओटीतला कापूस टाकून सगळ्या रस्त्याकडे पळाल्या. मी शेताच्या धुऱ्यावर बाटल्या घेऊन उभा. धाप लागलेल्या म्हाताऱ्या सखूबाई मलाच म्हणाल्या, "वाघ कुठं आहे?"

"वाघ नाही, प्रॅक्टिस आहे."

"मंग आधी सांगा ना बाप्पा! माहा कापूस मातीत गेला!"

तेव्हापासून टेकडी उतरताना कल्पनाला "वाघ नाही! वाघ नाही!" असे ओरडत यावे लागते. अशाने दम टिकायचा कसा?

*

गेल्या आठवड्यात त्याच टेकडीवर खरेच एक रानडुक्कर तिच्या मागे लागले. "डुक्कर! डुक्कर!" ओरडत ती शेताजवळून गेली. सखूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. शेजारणीला म्हणाल्या, "वेच वो तू. आज वाघाच्या जागी डुक्कर म्हणून राहिली."

डुक्कर नाल्याकडे वळले. तोवर कल्पना माझ्या स्कूटरला मागे टाकून गेली होती. इतकी ती एरवी कधीच धावली नव्हती.

*

रजेचा अर्ज पांढुर्ण्याला जिल्ह्याच्या ऑफिसात गेला आहे. मसुदा माझा, तेव्हा त्यात खोट निघणार नाही अशी खात्री होती. शेरा आला : 'निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण एकच आहे. प्रवास सिद्ध होत नाही.'

कल्पना स्वतः गेली. मी बरोबर होतो.

"सर, डोंगराला फेरा मारून तिथंच परत यायचं आहे."

तिथल्या बाबूंनी चष्मा खाली घेतला. "तिथंच यायचं आहे, तं जाऊन काऊन राहिली?"

"सर, माहा अर्ज तुमच्या टेबलावरून निघाला, चार टेबलं फिरला अन् तुमच्याच टेबलावर आला. तो काऊन गेला होता?"

बाबूंनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि अर्ज उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवला.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.