ठिपकेवाली रोपं

माझे मामा काचघरात रोपं सांभाळतात. डाग त्यांना बघवतच नाही, मग तो शर्टावर असो, ताटावर असो की पानावर. डाग दिसला की रोप उपटायचं, जाळायचं, हात धुवायचे. ही शिस्त त्यांनीच लावलेली, आणि तिच्यासाठी आजवर शाबासकीच मिळालेली.

तिथल्या संशोधक बाईंनी कित्येक वर्षं खपून टोमॅटोचा नवा वाण तयार केला. तो रोगाला पुरून उरतो का हे बघायला त्याच्या रोपांवर मुद्दाम रोगाचे जिवाणू फवारले आणि "नीट लक्ष ठेवा" म्हणून परगावी गेल्या. लगेच काही रोपांवर बारीक तपकिरी ठिपके उठले. मामांनी ठेवलं ना लक्ष! ठिपकेवाली सगळी उपटून भट्टीत घातली.

बाई परतल्या आणि रोपं मोजू लागल्या. "अहो काका, ठिपकेवाली कुठंयत?"

"जाळली. रोगट होती."

"रोगट नव्हती हो! जिवाणू शिरला की पान विष तयार करतं, त्याच्याभोवतीचा स्वतःचाच तुकडा मारून टाकतं. जिवाणू तिथंच कोंडला जातो. ती जिंकलेली रोपं होती."

"मग ही हिरवी?"

"यांना अजून पत्ताच नाही. बघा, माना टाकतील."

मामी म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत!" मामा हसले नाहीत, जेवलेही नाहीत. "निरोगी कुणाला म्हणायचं, तेवढं सांग," असं मलाच विचारत बसले. मी काय सांगणार, कपाळ! मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही.

हिरवी रोपं खरंच गेली. त्यांच्यावरही डाग आले, पण ओले, पिवळ्या कडेचे. मग पाण्याच्या टाकीमागे मामांच्या नजरेतून सुटलेलं एक ठिपकेवालं रोप सापडलं. त्या वाणाचं आता तेवढंच उरलं होतं. पण त्याच्या एका ठिपक्याची कड पिवळसर होती. की उजेडच तसा पडला होता?

मामांचा हात सवयीने पुढे गेला आणि पानाजवळ थांबला.

"बाई, हे लढतंय की मरतंय?"

बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "मलाही कळत नाही, काका."

"मग मी काय करू?"

"पाणी घाला."

मामांनी झारी उचलली. नजर त्या ठिपक्यावरच होती, अर्धं पाणी बाहेरच सांडलं.