लग्नाचे गव्हले आणि सकाळची गोळी

आमच्या घरात ऐन थंडीत पंखा पाचवर चालतो आणि त्याखाली आमचे हे कानटोपी घालून, दोन रजया गुंडाळून पेपर वाचत बसतात. शेजारच्या काकी दार उघडं दिसलं की डोकावतात. "भाभी, पोस में पंखो?" पहिल्या वर्षी मी त्यांना सगळं समजावून सांगत असे. आता नुसती हसते आणि चहा टाकते. चहा होईपर्यंत माझी उष्णता उतरलेली असते, मग मी शाल शोधत फिरते आणि हे रजईतून हात बाहेर काढून पंखा बंद करतात. दिवसातून सात-आठ वेळा हा खेळ चालतो.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचे शेक झाले. सगळं इंदूरला झालं आणि देवासला परत आलो तेव्हा मला वाटलं, सुटले. पण डॉक्टरीणबाईंनी एक बारकी पिवळी गोळी लिहून दिली होती. रोज एक, पाच वर्षं. माझा आजार अंगातल्या एका हार्मोनवर पोसणारा होता आणि ही गोळी तो हार्मोनच आटवते. ऐकायला सोपं वाटतं. पण तो आटला की बाईचं आणखी काय काय आटतं, ते महिन्या-दोन महिन्यांनी कळायला लागतं. घाम फुटतो, झोप उडते, चिडचिड होते. माझ्या बाबतीत चिडचिड गोळीची किती आणि माझी स्वतःची किती, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण मी मुळातच तापट.

हे सगळं मी सोसलं. सोसवेना ते बोटांचं. सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं लाकडाची झालेली असायची. कपाचा कान धरता येत नसे, ब्लाऊजचे हूक लावता येत नसत. अंगठा वाकवला की कट्‌ असा आवाज यायचा. आमचे हे चाळीस वर्षं कारखान्यात मशिनी सांभाळून रिटायर झालेले. सांधा आखडला की तेल, एवढं एकच वैद्यक त्यांना ठाऊक. गोळी सुरू झाल्यापासून रोज सकाळी ते तिळाच्या तेलात लसणाची पाकळी तडतडवून वाटी घेऊन यायचे, माझ्यासमोर वेताच्या मुढ्यावर बसायचे आणि एकेक बोट चोळायचे. करंगळीपासून सुरुवात. दहा बोटं झाली की विचारायचे, "कालच्यापेक्षा बरं वाटून राहिलं का?" मी कधी "हूं" म्हणायची, कधी "तेलाचा वास येतोय" म्हणून खेकसायची. त्यांना दोन्ही चालायचं.

बोटांचं मला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. आमच्या माहेरी, धारला, लग्नघरातलं पहिलं काम गव्हल्यांचं. बारीक रव्याचा घट्ट भिजवलेला गोळा डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात चिमूटभर पीठ वळून तांदळाच्या दाण्याएवढा गव्हला खाली ताटात पाडायचा. ते वाळवायचे आणि लग्नात त्यांची खीर करायची. पाच सवाष्णी मुहूर्ताला बसतात, आणि आमच्याकडची रीत अशी की पहिली मूठ नवरीच्या आत्याने करायची. माझे गव्हले सगळ्या नात्यात नावाजलेले. एकसारखे, दोन्ही टोकांना निमुळते. कोणाचंही लग्न ठरलं की मला बोलावणं यायचं आणि मी आधी आढेवेढे घेऊन, मग हटकून जायची.

भावाची मुलगी शाळेत होती तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, "तुझ्या लग्नाचे सगळे गव्हले माझ्या हातचे." तिचं लग्न तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे मी केमोच्या खुर्चीत पडलेली असायची, नळीतून ते लाल औषध अंगात जात असायचं, तेव्हा मी डोळे मिटून गव्हले वळत असे. खरंच. मनातल्या मनात ताट भरायची. तिच्या लग्नाचे गव्हले मी करणार, म्हणजे तोवर मी असणार, असा माझा सरळ हिशोब होता. केस गेले, छातीचा एक भाग गेला, भुवया गेल्या. हात माझे राहिले होते.

दिवाळीनंतर महिन्याभराने लग्न ठरलं. गव्हल्यांचा मुहूर्त संक्रांतीनंतरचा निघाला. मी त्याच दिवशी थोडा रवा भिजवून बसले. अर्ध्या तासात नऊ गव्हले झाले आणि त्यातले चार अळ्यांसारखे दिसत होते. मी ते गोळ्यात परत मळून टाकले आणि हे बाजारातून येण्याआधी ताट धुऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी तोंडात घातली नाही. असा काही निश्चय केला नव्हता. हातात घेतली, पाणी प्यायले आणि गोळी मुठीतच राहिली. वाटलं, मुहूर्तापर्यंतच. बोटं एकदा सुटली, गव्हले झाले, की पुन्हा चालू करू. पाच वर्षांत महिना-दीड महिना काय मोठा. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, कारण त्या काय म्हणतील ते ठाऊक होतं. ह्यांना सांगितलं नाही, कारण ते काय करतील तेही ठाऊक होतं. गोळी कचऱ्यात टाकायला मात्र हात धजेना. एवढं करून मिळालेलं औषध. मग पूजेच्या सुपाऱ्यांची पितळी डबी होती, तिच्यात ठेवली. ती डबी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. रोज एक, सुपाऱ्यांच्या शेजारी.

दोन आठवड्यांनी बोटं सैल व्हायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी उठून सरळ कप उचलला. हे समोरच होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "पाहिलं? मी बोललो होतो ना, तेलाला टाईम लागतो." मग त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. काकींना सांगितलं. कारखान्यातल्या जुन्या मित्राला फोन करून सांगितलं, "भिया, तिल्ली का तेल, और लसुन. बस." लसणाच्या पाकळ्या एकाच्या दोन झाल्या. पंखाही आता दिवसात दोनदाच लागायचा, आणि त्याचं श्रेयही ते तेलालाच देत होते. मी हात पुढे करायची. त्या दिवसांत मी त्यांच्यावर एकदाही खेकसले नाही, यावरून तरी त्यांना शंका यायला हवी होती.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मी धारला गेले. वहिनीने माझ्या केमोच्या वेळी देवासला येऊन दोन महिने माझं सगळं केलं होतं. ओकारीचं भांडं धरलं होतं, गळालेले केस उशीवरून वेचले होते. त्या वेळी ती एकदाही रडली नाही आणि मलाही रडू दिलं नाही. आता तिच्या घरी लग्नाची गडबड. शेजारच्या तिरला गावच्या गव्हाचा रवा काढून, वस्त्रगाळ करून ठेवलेला. भाची इंदूरच्या नोकरीतून चार दिवसांची सुट्टी घेऊन आलेली. तिने माझी बोटं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "आत्या, एकदम ठीक झाले ना हे. किती टेन्शन होतं मला."

सकाळी पाच जणी पाटांवर बसल्या. हळद-कुंकू लावून झालं. विड्यावर ठेवायला सुपारी हवी होती, वहिनीची कुठल्याशा गाठोड्यात बांधलेली. मी म्हणाले, "माझ्या पिशवीत डबी आहे." आणि म्हणताक्षणी आठवलं, तोवर वहिनीने पिशवीत हात घातला होता. पिशवी भरताना सवयीने हळद-कुंकू, सुपारी, अत्तर सगळं पूजेचं एकत्र घातलं होतं. पाच आठवडे लपवलं आणि स्वतःच्या हाताने बांधून घेऊन आले.

वहिनीने डबी उघडली. पाहिलं. झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाली, "वन्सं, जरा आत या."

स्वयंपाकघरात तिने डबी ओट्यावर ठेवली. "कधीपासून?"

मी सांगितलं. बोटांचं सांगितलं, नऊ गव्हल्यांचं सांगितलं. मुहूर्त झाला की उद्यापासून चालू करणारच होते, हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"खिरीसाठी?" ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या लग्नाच्या खिरीसाठी तुम्ही ह्या सोडल्यात? अहो, मी तिथे दोन महिने कशासाठी बसले होते?" आणि मग जी केमोत रडली नव्हती ती ओट्याला धरून रडायला लागली. "खीर बाजारच्या शेवयांची पण होते हो. वन्सं कुठून आणू मी?"

मला फार लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो झटकला, मग परत धरला.

बाहेर चौघी पाटावर ताटकळत होत्या आणि वहिनीने मला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला लावला. स्वतः कानाशी कान लावून उभी राहिली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, आज जी गोळी आहे ती घ्या, राहिलेल्या भरून काढायला जास्तीच्या घेऊ नका, आणि मंगळवारी या. सांध्यांचं पुष्कळ जणींना होतं. रोजचं चालणं, बोटांचे व्यायाम आणि गरज पडली तर ह्याच जातीची दुसरी गोळी, असे मार्ग आहेत. "फक्त न विचारता बंद करू नका. मला आधीच सांगितलं असतंत तर?"

वहिनीने माझ्या पर्समधून ताजं पाकीट काढलं, तांब्यातून पाणी ओतलं आणि गोळी माझ्या तळव्यावर ठेवली. "घ्या. आजचा पहिला मुहूर्त हा." मी गिळली. तिने मला तोंड उघडून दाखवायला लावलं, लहान मुलासारखं.

मग आम्ही बाहेर गेलो. बोटं अजून सुटीच होती, म्हणून रीतीप्रमाणे पहिली मूठ मी केली. गव्हले नेहमीसारखे सुरेख पडत होते आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मूठभर झाले तसा मी गोळा भाचीच्या हातात दिला. "बाकीचे तू कर. मी शिकवते."

"आत्या, मुझसे नहीं होगा. माझे तर मोटे-मोटे होतील."

"होऊ देत मोटे."

तिचा पहिला गव्हला मुगाच्या शेंगेएवढा झाला. वहिनीने तो ताटात सगळ्यांच्या वर ठेवला.

देवासला परत आले तरी मी त्या दिवशी ह्यांना काही बोलले नाही. ते स्टँडवर घ्यायला आले होते आणि बॅग उचलून आधी विचारलं, "जमलं?" मी "जमलं" म्हणाले. सकाळी नेहमीप्रमाणे वाटी आली, मुढा आला. त्यांनी करंगळी धरली आणि मी सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून, डबीसकट.

त्यांची बोटं माझ्या बोटावर थांबली. मला वाटलं होतं, गोळीवरून संतापतील. त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तेलानं नाही."

"नाही."

ते उठले, अंगणात गेले. तुळशीला पाणी घातलं, आधीच घातलं होतं तरी. कुंडीतून पाणी वाहून पायरीपर्यंत आलं. मी आतून बघत होते आणि मला उठून जाण्याचा धीर होत नव्हता. ते आत आले आणि वाटी उचलून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, ओतून टाकतात की काय. गॅस पेटल्याचा आवाज आला.

"गार झालं होतं," परत येऊन बसत ते म्हणाले. करंगळी चोळत म्हणाले, "मला सांगायचं असतं. मी काय तुला धरून पाजली असती?" आणि मग, "हो, पाजली असती." आम्ही दोघंही हसलो, पण त्यांचे डोळे पुसावे लागले, आणि माझा दुसरा हात अजून तेलाचा नव्हता म्हणून मीच पुसले.

लग्नात खीर झाली. गव्हले जाडे, वाकडे, काही एकमेकांना चिकटलेले, आणि भाची पंगतीत प्रत्येकाला सांगत होती, "मी केले आहेत, आत्यानी शिकवले." माझी बोटं तोवर पुन्हा आखडली होती. वाटी दोन्ही हातांनी धरून मी खीर प्यायले.

पुढे गोळी बदलून मिळाली. हिने थोडं कमी दुखतं, घाम तेवढाच येतो. मी रोज संध्याकाळी देवीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालून येते आणि रबरी चेंडू दाबत टीव्ही बघते. सकाळी गोळी ह्यांच्यासमोर घेते. मग ते मुढ्यावर बसतात, करंगळीपासून सुरुवात करतात आणि दहा बोटं झाली की विचारतात, "कालच्यापेक्षा बरं वाटून राहिलं का?"

"नाही," मी म्हणते.

"बरं," ते म्हणतात, आणि पुन्हा करंगळी धरतात.