धुतलेला डबा

मी तोंडाची फटकळ. शाळेत पोरं मला टरकून असतात आणि घरात मालक टरकल्यासारखं दाखवतात. पोटात ते ओठात, असं माझ्याबद्दल सगळं गाव म्हणतं. म्हणून तर हे सांगायची लाज वाटते, की एक गोष्ट तीन आठवडे माझ्या ओठावर आली नाही, आणि तेवढ्या दिवसांत माझ्या लेकीनं बापाशी बोलणं टाकलं.

आमचं गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या जवळ. माझ्या लहानपणी गावचा तलाव म्हणजे पोरांचं क्रिकेटचं मैदान होतं. आता उपसा योजनेचं पाणी सोडतात, त्यामुळं उन्हाळ्यातही तो भरलेला दिसतो. मालक फौजेत होते. मेंढरं राखणाऱ्याच्या पोटचा माणूस, पण फौजेत जाऊन शिडाची नाव हाकायला शिकला. पेन्शनीवर आले आणि वर्षाच्या आत टेम्पोत घालून एक जुनी नाव घेऊन आले. लांबुडक्या दोन पोकळ होड्या, त्यांच्या मधे ताणलेली जाळी आणि वर उंच डोलकाठी. तिला कॅटामरान म्हणतात म्हणे. मी म्हटलं, "आवं, लोकं रिटायर झाल्यावर पिठाची गिरण टाकत्यात. तुमी हे काय सोंग आणलंय?" ते नुसते हसले.

पण लेकीला त्या सोंगाचं वेड लागलं. ती सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. दर शनिवारी एसटीनं यायची आणि दप्तर टाकून थेट तलावावर. मालक मुळात कमी बोलणारे, पण नावेवर बसले की बापलेकीचं बोलणं संपायचं नाही. मला कधी कधी हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, वाटायचाच.

जेवतानाही नावच. मालक ताटातली भाकरी उचलून कडेवर उभी धरायचे. "ही आडवी पडली. आडव्या नावंला भ्यायचं न्हाई. खालच्या होडीवर उभं ऱ्हायाचं, वरच्या होडीवरनं दोर घ्यायचा आणि मागं रेलायचं. उठती ती. पण डोलकाठी पाण्यात बुडाली की नाव पुरती पालथी हुती." आणि भाकरी ताटात उपडी टाकायचे. "मग एकट्याच्यानं न्हाई सरळ हुत."

तसं होऊ नये म्हणून त्यांनी डोलकाठीच्या टोकाला एक डबा बांधला होता. पाच लिटरचा, शेंगदाणा तेलाचा, प्लास्टिकचा. नाव आडवी झाली की तो रिकामा डबा पाण्यावर तरंगतो, डोलकाठीला बुडू देत नाही आणि माणसाला वेळ मिळतो. आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकवताना पोरांच्या पाठीला डबा बांधतात, त्यातलाच प्रकार. लेक एकटीच्या वजनानं नाव उठवू शकत नव्हती, त्यामुळं तिचा सगळा भरवसा त्या डब्यावर. आडवी पडली तर पप्पा येईपर्यंत डबा नावेला धरून ठेवणार.

डबा दिसायला मात्र कळकट. बाहेर अर्धवट फाटलेलं लेबल, आत तेलाचा काळा राप. तलावावर धुणं धुणाऱ्या बायका मला टोचायच्या, "मास्तरीणबाई, तेलाचा डबा वर टांगलाय, खाली भजी तळताय का?" मी तोंडावर उत्तर द्यायची, पण ते मनाला लागायचं.

आषाढातल्या एका रविवारी पेपरवाला फोटो काढायला येणार होता. दुष्काळी माणात शिडाची नाव, म्हणून बातमी. लेक त्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येणार होती. दुपारी मी तलावावर गेले. डोलकाठी काठावर आडवी ठेवली होती. उद्या जिल्हाभर तो कळकट डबा दिसणार, ह्या विचारानं माझं डोकं फिरलं. सोडला आणि घरी आणला. लेबल खरवडून काढलं. झाकणाभोवती खिडकीच्या काचेला लावतात तसल्या लांबीसारखं काळपट काहीतरी थापलेलं होतं, ते सुरीनं तासलं. आतलं बूच तेलानं चिकट, वासाचं, ते उकिरड्यावर टाकलं. गरम पाणी, निरमा, आत वाळू घालून खळखळ. उन्हात वाळवला, झाकण गच्च फिरवलं आणि संध्याकाळच्या आत होता तिथं बांधून आले. एवढा लख्ख निघाला होता, की माझं मलाच कौतुक वाटलं. मालकांना काही सांगितलं नाही. फोटोत दिसेल की, म्हटलं.

रविवारी वारं सुटलं होतं. आमच्याकडं आषाढात पाऊस नसतो, नुसतं वारं. वर पठारावर पवनचक्क्या गरगरत होत्या. मालक पेपरवाल्याला आणायला म्हसवडला गेले होते, तोवर लेकीनं गावातल्या दोघा पोरांना हाताशी घेऊन डोलकाठी उभी केली. मालक आले तेव्हा निम्मं गाव काठावर जमलेलं. पेपरवाला म्हणाला, चालती नाव पाहिजे. लेक एकटीच निघाली. पांढरं शीड, अंगात नारिंगी लाइफ जाकीट. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तलावाच्या मधोमध वाऱ्याचा एक झपाटा आला आणि एक होडी वर उचलली गेली. नाव आडवी झाली. बायका किंचाळल्या. मालक शांत. हाताचा कर्णा करून ओरडले, "भिऊ नगं! डबा हाय! आदी शिडाचा दोर सोड!"

तो दोर सोडायला नावेच्या आतल्या अंगाला, शिडाच्या बाजूला जावं लागतं. लेक पोहत तिकडं गेली. मालक टायरची ट्यूब घेऊन पाण्यात उतरले. मी डोलकाठीचं टोक बघत होते. माझा धुतलेला डबा पाण्यावर पांढराशुभ्र दिसत होता. मग तो निम्मा दिसायला लागला. मग दिसेना.

वरची होडी हळूच कलली आणि सगळी नाव जाळीसकट लेकीच्या अंगावर पालथी झाली.

जाकीट माणसाला वर उचलतं. जाळीच्या खाली माणूस असला तर ते त्याला जाळीलाच चिकटवून ठेवतं, खाली बुडी मारून बाहेर निघू देत नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की माझी पोर दिसत नाही. मी चपला-साडीसकट पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही. दोघी बायांनी दंडाला धरून ओढून काढलं, त्यांना मी चावले. मालकांनी चाकूनं जाळीच्या दोऱ्या कापल्या आणि तिला बाहेर घेतलं. ती वांती करत होती, म्हणजे जिवंत होती. सिद्धनाथा, तुझे उपकार.

तिला काठावर आणून उपडी निजवली. शुद्धीवर आल्यावर ती बापाला पहिलं वाक्य बोलली, "तुमी म्हणालासा डबा हाय. म्हणून मी आत गेले."

तोवर पोरांनी नाव ओढून आणली होती. मालकांनी डबा सोडून हातात घेतला. आत पाणी डचमळत होतं. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. जिथं त्यांनी सील लावलं होतं तिथं काही नव्हतं, आणि डबा ताटासारखा लख्ख. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "झाकण सील करायचं इसरलो मी."

हा माणूस उभ्या जन्मात काही विसरलेला नाही. गॅसचा नॉब तीनदा बघून झोपतो. लेकीची नजर बघून खरं सांगायची माझी छातीच झाली नाही.

ती दुसऱ्या दिवशी सांगलीला गेली. बापाचा फोन उचलेना. माझा उचलायची आणि वर सांगायची, "त्यांचं नाव काढू नको आई. त्यांच्या भरवशावर मी मरत होते." मी म्हणायची, जाऊ दे गं. जाऊ दे! अशी मी! मालक रोज दिवेलागणीला फोन लावायचे, पूर्ण रिंग होऊ द्यायचे आणि म्हणायचे, "लेक्चर असंल." संध्याकाळी सातला कसलं लेक्चर? एकदा मी म्हटलं, "मी सांगते तिला खरं." तर म्हणाले, "नगं. पोरीला आई लागती. माझं काय, सवय हाय मला लांब ऱ्हायाची."

ते ऐकलं आणि मला माझीच किळस आली. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि विट्यावरून सांगली गाठली. हॉस्टेलच्या पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. लेबल, बूच, निरमा, सगळं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "पप्पांना कवा कळलं?"

"तिथंच. डबा हातात घेतल्यावर."

ती उठून फाटकापाशी गेली आणि फोन लावला. पाठमोरी होती, खांदे हलत होते. बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा डोळे लाल. माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "साडेपाचला गाडी हाय तुझी." रागानं नाही. अनोळखी बाईला वाट सांगावी तसं.

आता तिचा फोन रोज संध्याकाळी येतो, मालकांना. तासभर चालतो. मी पलीकडं भाजी निवडत बसते. फोन ठेवला की मालक म्हणतात, "तुझी चौकशी करत हुती." मी म्हणते, व्हय का, बरं झालं. तोफेच्या आवाजानं त्यांचे कान मंद झालेत, त्यामुळं ते फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवतात. लेकीचा शब्द न शब्द मला ऐकू येतो.