आईने केलेली विरोधी उमेदवाराची चौकशी

सत्तावन्नच्या निवडणुकीत माझा दादा परळमधून उभा राहिला आणि आमच्या दोन खोल्यांतली माझी बसायची जागा गेली. शाळेतून दमून यावं तर बाहेरच्या खोलीत समितीची माणसं मांडी ठोकून बसलेली. कुणी विडी ओढतंय, कुणी माझ्या टेबलावर पोस्टरची खळ कालवतंय, आणि माझ्या चौथीच्या पोरींच्या वह्या खाली सतरंजीवर. "ताई, जरा चहा टाकता का?" हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की अजून कुणी 'जरा' म्हटलं तरी माझं डोकं तडकतं. चहा माझा, साखर माझी, दूधही माझं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे हे मलाही कळत होतं. गोळीबाराच्या दिवसांत लालबागच्या नाक्यावरून मी पोरींना हाताला धरून घरी पोचवलेलं होतं. पण मुंबई मिळवायला माझंच दूध का नासावं, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

दादाला नोकरी नव्हती. आधी युनियनच्या भानगडीत मिलच्या ऑफिसातली गेली, मग चळवळ आली, तुरुंग झाला, आणि नोकरी हा विषयच घरातून निघून गेला. घर माझ्या शिक्षिकेच्या पगारावर चाले. त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं, उलट जरा ताठाच होता. माझं म्हणणं एकच होतं, आणि ते मी आईकडून देवासमोर कबूल करून घेतलं होतं: यापुढे मला कुणाला दाखवायचं नाही. बरीच वर्षं मी नटून बसले होते. मुलगा यायचा, पोहे खायचा, बरा दिसायचा. मग दादा त्याची चौकशी करून यायचा आणि काहीतरी निघायचंच. एक दारू पितो, एकाच्या घराण्यात वेड आहे, एकाकडून नकार आला. अठ्ठावीस उलटल्यावर मी सांगितलं, बस झालं. माझ्या लग्नाचं काय करायचं ते मी बघेन, तुम्ही कुणी त्यात पडायचं नाही. आईने मान हलवली. दादाचंही लग्न झालेलं नव्हतं. बहिणीचं झाल्याशिवाय आपलं नाही, असं तो चारचौघांत मोठ्या समंजसपणे सांगत असे.

समोरचा उमेदवार वकील होता. जन्म गिरगावातल्या वाडीतला, आता माटुंग्याला राहणारा, सत्ताधारी पक्षाचा, आणि योगायोगाने आमच्यातलाच. समितीच्या माणसांना त्याची माहिती हवी होती. गोळीबार झाला तेव्हा तो काय बोलला? कुठल्या शेठजीशी त्याची भागीदारी आहे? कुणाला फसवलंय? दोघेजण गिरगावात जाऊन आले. त्यांच्या खादीच्या पिशव्या आणि छातीवरचे बिल्ले बघून वाडीतल्या लोकांनी दारं लावून घेतली. तेव्हा दादाच्या डोक्यात आलं, की बायकांना लोक घरात घेतात. म्हणून आई आणि मी.

मी म्हटलं, "मला शाळा आहे."

"रविवारी जा. एवढंही करवत नाही? लोक छातीवर गोळ्या झेलतात."

हा त्याचा हुकमाचा पत्ता होता. गोळ्यांपुढे माणूस काय बोलणार? मी रविवारी इस्त्रीचं लुगडं नेसले आणि आईबरोबर ट्रॅममध्ये बसले. आईने नवी चोळी घातली होती आणि पिशवीत नारळ घेतला होता. नारळ कशाला, म्हणून मी विचारलं. "रिकाम्या हाताने जायचं काय गो?" एवढंच ती म्हणाली.

वाडीत तिसऱ्या मजल्यावर वकिलाच्या जुन्या शेजारीण बाई राहत होत्या. आम्ही टेकतो न टेकतो तोच आईने सुरुवात केली. "मूळचे कुठले हो हे? मामाचं आडनाव काय? घरात आणखी कोण?" मी वाट बघतेय की आता गोळीबाराचं विचारेल, मग भागीदारीचं. छे! "स्वभाव कसा? तापट नाही ना? पहिली गेली ती कशाने?"

वकील विधुर होता हे मला तिथे कळलं.

"बाळंतपणात," बाई म्हणाल्या. "मूलही गेलं. पण कुणासमोर रडला नाही हो. देवमाणूस." मग त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. "मुलगी नोकरी करते वाटतं? चष्मा आहे, पण बारीक आहे. वयाचं अंतर जरा आहे, तरी शोभेल."

माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. मी घाईघाईने म्हटलं, "गोळीबार झाला तेव्हा ते काय म्हणाले, आठवतं तुम्हाला?" आईने पदराआडून मला असा चिमटा काढला की हिरवा डाग पडला. बाईंना माझा प्रश्न फार आवडला. हल्लीच्या मुली सगळं विचारून घेतात ते बरंच, म्हणाल्या, आणि उठून आम्हाला हळदीकुंकू लावलं.

परतीच्या ट्रॅममध्ये मी आईशी भांडले. कंडक्टर वळून बघत होता, तरी भांडले. "तू बिजवर शोधायला आली होतीस की उमेदवाराची माहिती काढायला?"

आई शांतपणे म्हणाली, "दादाला माणसाची माहिती हवीय ना? मग माहिती आणखी कशी काढतात? तूच सांग."

तिचं म्हणणं खरंच होतं. आमच्या लोकांत माणसाची चौकशी करायची दुसरी रीतच नव्हती. मुलगी द्यायची असली तरच कुणी कुणाबद्दल विचारायचं, आणि विचारायला आलेली बाई बघून समोरच्यानेही ओळखायचं की काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं. दादाच्या समितीला हे ठाऊक नव्हतं. ते बिल्ले लावून गेले आणि हात हलवत परत आले.

पुढच्या रविवारी माटुंगा. वकिलाच्या खालच्या मजल्यावर एक मद्रासी बाई राहत. त्यांना मराठी येईना, आईला हिंदी येईना. तरी आईने माझ्याकडे बोट दाखवल्याबरोबर त्या खुशीत म्हणाल्या, "लडकी के वास्ते? अच्छा आदमी. बहुत अच्छा. सुबह पानी खुद भरता." आणि मला त्यांनी ओंजळभर अबोलीची फुलं दिली. फुलं घेऊन मी त्या जिन्यात उभी होते आणि मला रडावं की आईला ढकलून द्यावं ते कळेना.

त्या संध्याकाळी समितीची माणसं कागद-पेन्सिल घेऊन बसली. दादाने विचारलं, "बोल आई, काय मिळालं?"

आईने पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. माणूस शांत. विडी-सुपारी नाही. थोरल्या विधवा बहिणीला घरी आणलंय आणि तिच्या शब्दाबाहेर जात नाही. घर स्वतःचं. आईच्या आजारपणात पाय चेपत बसायचा.

"अहो मावशी," एकजण कळवळून म्हणाला, "आम्हाला दोष हवेत, दोष!"

आईने बराच विचार केला. "घोरतो म्हणतात."

आणि काय सांगू, त्यातल्या एकाने ते लिहून घेतलं! विधानसभेत जाऊन झोपणार, असं भाषणात घालता येईल म्हणाला. मी आतून भांडं आपटलं. दादा आईवर ओरडला, मग माझ्यावर ओरडला, की तू बरोबर असून काय केलंस. मी म्हटलं, हळदीकुंकू लावून घेतलं. कुणी हसलं नाही. या माणसांना विनोद कळत असता तर ती आमच्या घरी इतके दिवस राहिलीच नसती.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण पाच-सहा दिवसांनी भर दुपारी, दादा प्रचाराला गेलेला असताना, दारात एक पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी राहिली. वकिलाची बहीण. शनिवार होता, माझी सकाळची शाळा सुटली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मात्र निवांत बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "तुमच्याकडून चौकशी झाली, आम्हाला कळलं. आम्हीही केली. रीतच आहे."

आई म्हणाली, "हो तर."

"मुलगी फटकळ आहे म्हणतात," बाई माझ्याकडे बघून हसल्या. "ते चालेल. पण दुसरं एक ऐकलं ते विचारायला आले. कॉटन ग्रीनचं स्थळ आलं होतं ना हिला? गोदामात कारकून होता तो? माझ्या जावेचा भाचा तो. तुम्ही त्याला नकार का दिलात?"

मी सांगितलं, "ते दारू पीत होते."

"तो?" बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, तो सुपारीसुद्धा खात नाही. तुझा भाऊ त्यांच्या घरी येऊन सांगून गेला, की मुलीलाच लग्न करायचं नाही, उगाच शब्द टाकू नका. म्हणून ते गप्प बसले. रे रोडच्या वखारवाल्यांकडेही त्याने तेच सांगितलं. तुझ्या चाळीत विचारलं तर सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी गेली तर घर कशावर चालणार, असं उघड म्हणतात लोक. तुला ठाऊक नव्हतं?"

मी आईकडे बघितलं. आई फरशीकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं," आई म्हणाली. "तो सांगायचा, एवढी चळवळ होऊ दे. मग मी तुला वचन देऊन बसले. मला वाटलं, या निमित्ताने तरी..."

मला दादाचा राग आला, पण त्याच्यापेक्षा आईचा जास्त आला. ज्याने फसवलं तो निदान मुंबईसाठी फसवत होता. ही नुसती गप्प बसली होती, आणि तोंड उघडायचं तेव्हा मला न विचारता एका विधुराची पत्रिका शोधत फिरली. दोघांनीही माझं ठरवून टाकलं होतं, फक्त वेगवेगळ्या बाजूंनी. मी त्या बाईंना स्पष्ट सांगितलं, की तुमचे भाऊ चांगले असतील, पण मला त्यांच्याशी लग्न करायचं नाही. हे कुणीही मला न विचारता चालवलेलं आहे.

बाईंनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. "तेच तुझ्या तोंडून ऐकायला आले होते. तुझ्या बाजूने इतकेजण बोलून गेलेत, की मला आता कुणाचा भरवसा वाटेना."

त्या उठल्या तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की ही विरोधी उमेदवाराची बहीण आहे. बहिणीच्या पगारासाठी तिची लग्नं मोडणारा भाऊ! एवढं वकिलाच्या माणसांनी एका सभेत सांगितलं असतं तर लालबागच्या बायकांनी दादाला एक मत दिलं नसतं. मी दारापर्यंत जाऊन विचारलं, "हे तुम्ही भाषणात सांगणार?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी ओंगळ बोलले. "लग्नाच्या चौकशीत कळलेलं कधी कुणी बाहेर बोलतं का?"

आणि खरंच कुणी बोललं नाही. इकडे दादाचे लोक नाक्यानाक्यावर वकिलाच्या घोरण्याची नक्कल करत होते आणि टाळ्या घेत होते. ते ऐकून मला शरमेने मान वर करवत नव्हती. दादाला मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो म्हणाला असता, निवडणूक होऊ दे. आमच्या घरात सगळं कशाच्या ना कशाच्या नंतर असायचं, आणि या वेळी ते त्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

मतदानाच्या दिवशी मी रांगेत उभी राहिले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पडद्याआड मांडलेली, वर चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका हातात घेऊन मी त्या पेट्यांसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेरून केंद्रावरच्या बाई हाका मारायला लागल्या. एका पेटीत माझ्याशी खोटं बोललेला भाऊ होता, दुसऱ्या पेटीत माझी अब्रू राखणारं घर. आणि मुंबई मात्र भावाच्याच पेटीत होती. मला संताप आला तो याचा. माझं म्हणणं टाकायला तिथे पेटीच नव्हती. मी मत दादाच्या पेटीत टाकलं आणि डोळे पुसून बाहेर आले.

संध्याकाळी दादा खुशीत घरी आला. पहिल्यांदाच खोलीत बाहेरचं कुणी नव्हतं. हातपाय धुता धुता त्याने मला चिडवलं, "काय, मत कुणाला दिलंस? वकिलाला ना?"

"तुलाच दिलं," मी म्हणाले. "मुंबईसाठी दिलं. आता तुझं घर तू चालव. कॉटन ग्रीनचा मुलगा दारू पीत नव्हता, हे मला कळलंय. माटुंग्याला शिक्षिकांच्या वसतिगृहात मी जागा बघून आले आहे."

तो हसला. निवडणुकीच्या दमणुकीने मी काहीतरी बरळतेय असं त्याला वाटलं असावं. "बस गो, आधी चहा टाक," तो म्हणाला.

आई हसली नाही. ती उठली, पलंगाखालची माझी ट्रंक तिने ओढून बाहेर काढली, आणि ओल्या फडक्याने पुसायला लागली.